चप्पल चावली नव्हती

मंगळवार पेठेत हंबीररावांच्या दाराआड एक लाकडी फळी आहे. मित्रांनो, तिच्यावर सगळ्यात वर बसलेली जुनी कोल्हापुरी चप्पल म्हणजे मी. चपलेला एवढा मान कशाला, असं विचाराल. तेच सांगते.

नवी होते तेव्हा मी हंबीररावांना कडकडून चावले. आमच्या कुळाची ती रीतच. त्यांनी तेल पाजून पाजून मला मऊ केलं. मग मी करकर वाजत त्यांना तालमीत, डेअरीत, लग्नकार्यात मिरवलं. चिखल दिसला की स्वारी मला हातात घेऊन अनवाणी चालायची. इतका जीव!

त्याच जिवाने घात केला. उन्हाळ्यात ते लेकीबरोबर कोकणात गेले. खाऱ्या पाण्याने माझं कातडं तडकेल म्हणून मला हातात धरून लाटांत शिरले. साखरेच्या आजाराने तळवे बधिर झालेले. शिंपल्याने कापलं तरी कळलं नाही. घरी परतताना त्यांचा पाय मला तव्यासारखा लागत होता. पण मी सांगणार कशी?

सकाळी पाय टम्म सुजला, त्यावर काळेजांभळे फोड आले. अंगात ताप होता.

"चप्पल चावली असंल. हळद लावतो की," हंबीरराव म्हणाले.

लेक संयोगिताने मला उलटीपालटी करून पाहिलं. "आबा, एवढी जुनी चप्पल आता चावतीया व्हय? आन् समुद्रावर जाऊन ही कोरडी कशी? अनवाणी गेलतासा न्हवं पाण्यात?"

तिने आबांचा तळवा उलटून पाहिला, तर तिथे कापल्याची जखम. मला पिशवीत कोंबून तिने रिक्षा बोलावली. दवाखान्यात शिरताच म्हणाली, "आबांना साखर हाय, आन् जखमेला समुद्राचं पाणी लागलंय."

"बरं झालं, लगेच सांगितलंत," डॉक्टर म्हणाले. "खाऱ्या पाण्यातले काही जिवाणू साखरेचं किंवा लिव्हरचं दुखणं असलेल्यांच्या जखमेत शिरले की झपाट्याने पसरतात. थांबला असतात तर जिवावर बेतलं असतं."

लागलीच औषधं सुरू झाली, शस्त्रक्रिया झाली. करंगळी गेली. आबा वाचले.

आता ते मऊ बूट घालतात. रोज संध्याकाळी संयोगिता त्यांच्या तळव्यांखाली आरसा धरते, आणि आबा मला मांडीवर घेऊन तेल लावतात.

मित्रांनो, घरात साखरेचं किंवा लिव्हरचं दुखणं असलेलं माणूस असेल, तर त्याचे तळवे बघत जा. पायाला जखम असेल तर त्याला समुद्राला लांबूनच हात जोडू द्या. जखम नसली तरी वाळूत, पाण्यात अनवाणी सोडू नका. पायात चप्पल राहू द्या. माझी काळजी करू नका. मी भिजले, तडकले तरी चालेल. आबांची उरलेली करंगळी मला हवी आहे.