दाराबाहेरची खुर्ची

पंधरा वर्षं मी लोकांची घरं सांधते आहे. भांडलेल्या कुटुंबाला एका खोलीत बसवायचं, बोलतं करायचं, हे समाजकार्यकर्ती म्हणून माझं काम. कामात मी चोख आहे, असं मीच चारचौघांत सांगत फिरते. म्हणून हे लिहिताना हात जड होतोय.

बाप बसचालक, आई नर्स, मुलगी नऊ वर्षांची. घरात तिला घुमी म्हणत. शाळेत तिनं बोलणंच टाकलं होतं, म्हणून तिच्या बाईंनी तिघांना माझ्याकडे धाडलं. दोन बैठकांत माझ्या लक्षात आलं की नवरा-बायकोत अबोला आहे आणि घरातलं सगळं टपाल या पोरीच्या हातून जातं. "बाबांना सांग, गॅस संपलाय." "आईला सांग, मला दिसतंय." निरोप पोचवून पोचवून पोरगी थकली होती.

तिसऱ्या बैठकीला मी तिला खुर्च्या मांडायला लावल्या. आमच्या कामातली ही जुनी पद्धत: घर तुला जसं वाटतं, तशा खुर्च्या ठेव. घुमीनं आई-बाबांच्या खुर्च्या गुडघ्याला गुडघा लागेल अशा समोरासमोर ठेवल्या. स्वतःची उचलली आणि सरळ बाहेर पॅसेजमध्ये नेली. आमच्या दाराला स्प्रिंग आहे. ते तिच्यामागे आपोआप लागलं.

मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. मिनिटभर थांबून तिला आत बोलवायचं, एवढंच करायचं होतं. पण मधे निरोप्या नाही म्हटल्यावर बसचालक थेट बायकोला म्हणाला, "तू माझ्याशी बोलत का नाहीस गं?" ती रडायला लागली, मग तोही. मी भराभर लिहीत सुटले. पन्नास मिनिटांनी दार उघडलं, तर घुमी तशीच खुर्चीवर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेली.

"अगंबाई, ही इथंच होती?" आई म्हणाली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मुद्दामच ठेवलं होतं. पद्धत आहे ती."

दोघांचे चेहरे सैल झाले. घुमीनं माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. फाईलमध्ये मी लिहिलं: उत्तम प्रगती.

आठवडाभर मला घास गोड लागला नाही. खोटं काय मी पहिल्यांदा बोलले नव्हते. पण इतकं शहाणं तोंड करून कधीच नाही.

पुढच्या बैठकीला नवरा-बायको गप्पा मारत, चक्क हसत जिना चढून आले. घुमी मागून आली. तिनं कोपऱ्यातली खुर्ची उचलली आणि बाहेर निघाली.

"अगं, कुठे?" मी विचारलं.

"पद्धत आहे ना," घुमी म्हणाली. आपणहून माझ्याशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य.

खरं सांगितलं तर या दोघांचा माझ्यावरचा विश्वास उडणार, कदाचित त्यांचं येणंच थांबणार. नाही सांगितलं तर पोर दर आठवड्याला बाहेर जाऊन बसणार आणि आम्ही मोठी माणसं तिला गुणी म्हणणार.

"पद्धत वगैरे काही नव्हती," मी म्हणाले. "मी तुला विसरले, घुमी. लाज वाटली म्हणून खोटं बोलले."

"म्हणजे आमची पोर पन्नास मिनिटं..." बसचालकाचा आवाज चढला आणि मधेच थांबला. मग तो खाली बघत म्हणाला, "आम्हाला तरी कुठे आठवण झाली?"

"तुम्ही पद्धत म्हणालात, तेव्हा मला बरं वाटलं होतं मॅडम," आई म्हणाली. "सुटल्यासारखं."

माझ्या त्या एका खोट्याआड आम्ही तिघंही लपलो होतो. हे तोपर्यंत माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"आत ये बाळा," आई म्हणाली.

घुमी खुर्ची धरून दारातच उभी राहिली. बराच विचार करून म्हणाली, "मी बाहेरच बसते. दार उघडं ठेवा."

दार काही उघडं राहीना. मी फाईल लावून पाहिली, ती सरकली. शेवटी माझी खुर्ची दाराला लावली आणि ती बैठक उभ्यानंच घेतली. थोड्या थोड्या वेळानं मी बाहेर बघत होते. दर वेळी ती माझ्याकडेच बघत होती.