मळाची साक्ष

जुनं हत्यार ओळखायचं तर आधी ते धुवायचं नाही, हा माझा धर्म. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत तीस वर्षं मी हेच काम करतोय. लोक आजोबांच्या पेटीतलं काहीबाही घेऊन येतात आणि ते कशाचं आहे हे मी सांगतो. खाचेतला मळ माणसापेक्षा खरं बोलतो. आणि त्या दिवशी बघतो तर वहिनींनी एक हत्यार घासूनपुसून लख्ख करून ओट्यावर ठेवलेलं!

"किती घाण होतं हो भाऊजी," त्या म्हणाल्या. "म्हटलं, ज्यांचं आहे त्या आजी चार वाजता यायच्यात, जरा बरं दिसू दे."

वहिनींचं कपडे धुण्याचं दुकान आहे. डाग दिसला की त्यांचा हात शिवशिवतो.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "अहो, तो मळच तर वाचायचा होता! आता त्यांना काय कपाळ सांगू?"

हत्यार घरी आणून स्वयंपाकघरात ठेवलं होतं मीच, पण राग आल्यावर ते कोण बघतो.

हत्यार वीतभर लांब. लाकडी मूठ, पुढे बोथट लोखंड, त्यात आडवी खाच आणि खाचेच्या एकाच बाजूला पुढे आलेला लोखंडी ओठ. आजी ऐंशीच्या. वडील त्यांच्या जन्माआधीच वारले, मागे उरलं ते एवढंच. काका-आत्या सांगत आले की बाप उनाड होता, कामाला कधी हात लावला नाही. हे खरं की खोटं, तेवढं आजींना डोळे मिटण्याआधी कळायला हवं होतं.

वहिनी ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हेत. "ओरडताय कशाला? मळ मी काढलाय ना, मग मला विचारा की."

विचारलं.

"खाचेतलं काळं गार पाण्याला दाद देईना. गरम ओतलं तर वितळून वर तरंगलं, निवल्यावर बादलीला चिकटून बसलं. तेल नव्हे ते. मेण. काळं मेण."

मी पायातला बूट काढला. बुटाच्या तळाची कड खाचेत चपखल बसली, ओठ तळाखाली आला. बूट शिवून झाला की हे तापवून, मेण लावून कडेवरून फिरवायचं, म्हणजे कड गुळगुळीत होते आणि पाणी शिरत नाही. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

चार वाजता आजींना हे सांगितलं. त्यांचा चेहरा काही खुलला नाही.

"बूट करणाऱ्याचं आहे, बरं. पण ते वडिलांनीच वापरलं कशावरून? कुठूनतरी उचलून आणलं असेल तर?"

वहिनी पुढे सरसावल्या.

"आजी, मुठीवर घामाचा मळ होता, नखाच्या जाडीचा. एका दिवसात बसत नाही तेवढा, वर्षं जातात. अंगठ्याखाली तर थरच." दाखवायला म्हणून त्यांनी हत्यार उजव्या हातात धरलं, बुटाला लावताना येतो तसा ओठ खाली केला आणि मान हलवली. "छे, असा अंगठा इकडे येतो. थर या अंगाला नव्हता." मग त्यांनी ते डाव्या हातात घेतलं. "हां. असं."

आजींनी डावा हात पुढे केला आणि हत्यार घेतलं. डोळे भरले होते आणि हसू आवरत नव्हतं.

"जन्मभर एकच ऐकत आले," त्या म्हणाल्या. "बाप उनाड आणि डावरा, लेक त्याच्यावरच गेली. आज त्यातलं अर्धं खोटं निघालं!"