सुरतेतल्या गुत्त्यांची वही

मी एक वही आहे. सुरतेतल्या दारूच्या गुत्त्यांच्या परवान्यांची वही. दारूबंदीच्या राज्यात अशी ओळख करून दिली की माणसं आधी दचकतात आणि मग हळूच विचारतात, "कुठं कुठं होते हो?"

माझा जन्म साहेबाच्या राज्यातला. पाठ चामड्याची, कागद विलायती आणि अक्षर नाशिकहून बदलून आलेल्या एका कारकुनाचं, मोडी. तो स्वतः दारूला शिवत नसे. पण गुत्त्याची जागा लिहिताना त्याचा हात कधी चुकला नाही. तेव्हा घरांना धड नंबर नव्हते, म्हणून तो चतुःसीमा लिही. चारही बाजूंचे शेजारी सांगितले की मधला गुत्ता सापडे.

पुढं दारूबंदी आली. माझ्यावर 'रद्द'चा शिक्का पडला आणि मी रेकॉर्ड रूमच्या माळ्यावर गेले. गावातली दारू मात्र रद्द झाली नाही; तिची नोंद तेवढी होईनाशी झाली. त्यानंतर मला फक्त कसरीनं वाचलं, पण मन लावून.

एकोणीसशे चौऱ्याण्णवचा प्लेग येऊन गेल्यावर शहराला स्वच्छतेचा झटका आला. रस्ते रुंद होऊ लागले. शहाण्णवच्या उन्हाळ्यात नानपुऱ्यातल्या सुंदराबाईंच्या भिंतीवर लाल खूण झाली. बाई धुळ्याकडच्या. नवरा उधन्याच्या कारखान्यात कापडाच्या लूमवर होता. विषारी दारू पिऊन गेला. मग बाईंनी खाणावळ काढली आणि वीस वर्षं पोळ्या लाटून ते घर आपलं केलं. आता तेच पाडणार होते. सुटका एकच होती: ऐतिहासिक इमारतींच्या यादीत घर लागलं तर. अर्जाला महिन्याची मुदत.

खाणावळीत जेवणारे श्रीरंग मास्तर, निवृत्त शिक्षक, यांनी ऐकलं होतं की त्या भागात गोऱ्या खलाशांचा एक नावाजलेला गुत्ता होता. पुरावा शोधत ते आमच्या रेकॉर्ड रूममध्ये आले.

"ए चोपडी तर उंदीरपण नाय वाचत, मास्तर," तिथला हसमुखभाई म्हणाला.

मास्तरांना मोडी येत होती. त्यांना पान सापडलं: होरमसजींचा गुत्ता. पूर्वेस वाट, पश्चिमेस गोड्या पाण्याची विहीर, उत्तरेस दस्तुरांचं घर, दक्षिणेस सागाची वखार. मग त्यांनी मोजणीची जुनी वही काढून दस्तुरांच्या घराचा आणि वखारीचा नंबर जुळवला, आणि दोन दिवस उन्हात टेप घेऊन हिंडले. दस्तुरांचं घर उभं होतं. वखारीच्या जागी बँक होती. विहीर सापडेना. ती निघाली सुंदराबाईंच्या मोरीमागं, फरशीनं झाकलेली. गुत्ता म्हणजे खाणावळच.

मास्तर धावत सांगायला गेले. बाईंनी लाटणं खाली ठेवलं.

"ज्या दारूनं माझा मालक नेला, तिच्याच घरात मी पोळ्या लाटल्या?"

"बाई, त्यामुळंच घर वाचेल."

"आणि तसं मी लिहून द्यायचं? माझ्या सहीनं?"

"हो."

"लोकांचं सोडा मास्तर. वर गेल्यावर त्याला काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी सही केली.

ती यादी करणाऱ्या समितीच्या कारकुनानं अर्जात 'दारू' हा शब्द पाहिला आणि फाईल दारूबंदीच्या कचेरीकडं 'अभिप्रायासाठी' पाठवली. आपल्या टेबलावरची फाईल दुसऱ्याच्या टेबलावर ढकलणं ही कारकुनांची जुनी विद्या. मी तिच्यातच वाढले आहे. तिकडं एवढंच वाचलं गेलं: 'सदर घरात दारूचा गुत्ता', खाली घरमालकिणीची सही. तारीख बघायचं काम कुणाकडंच नव्हतं.

भर जेवणाच्या वेळी धाड पडली. पोलिसांनी लोणच्याच्या बरण्या हुंगल्या.

"शंभर वर्षांपूर्वीचं आहे ते!" बाई ओरडल्या.

"म्हणजे शंभर वर्षांपासून धंदा चालूच?" जमादारानं विचारलं.

मोरीजवळ त्यांना एक पातेलं सापडलं. कुरडयांसाठी तीन दिवस भिजत घातलेला गहू, चांगला आंबलेला. खानदेशात उन्हाळ्यात घरोघरी हाच वास असतो. जमादार खानदेशातला नव्हता. त्यानं पातेल्याचा पंचनामा केला, गहू तपासणीला पाठवला आणि मूळ पुरावा म्हणून रेकॉर्ड रूममधून मलाही जप्त केलं.

गिऱ्हाइकं दुसरीकडं जेवू लागली. फाईल अभिप्रायाला गेली ती गेलीच. मुदत संपली, आणि एका सकाळी दोन तासांत घर भुईसपाट झालं. एवढ्या तत्परतेनं झालेलं सरकारी काम मी शंभर वर्षांत पाहिलं नव्हतं.

आज त्याला तीन वर्षं झाली. मी पांढऱ्या कापडात, लाखेच्या सीलखाली, कोर्टाच्या कपाटात आहे. गव्हाचा अहवाल अजून आलेला नाही. निकाल लागलाच तर मला परत माळ्यावर पाठवू नका, एवढीच विनंती. तिथून पुन्हा कुणी भला माणूस मला खाली काढील.

मागच्या तारखेला मला टेबलावर ठेवलं होतं. सुंदराबाई आता पांडेसऱ्यात भाचीकडं राहतात. त्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "कायमचा पत्ता?"

बाईंनी माझ्याकडं बोट केलं. "त्या गाठोड्यात आहे. दुसरीकडं कुठं राहिला नाही."

कारकुनानं तो रकाना कोरा सोडला आणि पुढची तारीख दिली.