माझी साक्ष कुणी मागितली नाही

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. हसू नका! आज औरंगपुऱ्यातल्या भंगाराच्या दुकानात धूळ खात पडलोय, पण एके काळी वाळूजच्या कारखान्यात माझा काय थाट होता! मोठमोठे साहेबलोकसुद्धा माझ्या खोलीत बूट काढून यायचे.

पत्रा कापणारी प्रेस कशी चालावी, याचा प्रोग्राम माझ्या पोटात असे. तो दोघे लिहीत. प्रत्येकाची वेगळी प्रत, तिला शाखा म्हणत: साहेबरावांची एक शाखा, पुंजारामची दुसरी. बदल तपासला की माझ्याकडे नोंदवायचा, मग दोन्ही शाखा एकत्र करायच्या. नोंदवलेलं मी कधी विसरत नसे. न नोंदवलेलं पुसलं, की गेलंच.

प्रेसवर गंगापूरकडचा मल्हारी होता, मेंढपाळाच्या घरातला. एकदा तो दारात येऊन म्हणाला, "साहेब, एका बटनावर खाली येती ही. हात जाईल एखाद्याचा. कायतरी करा."

साहेबराव मन लावून बसले. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस उतरू नये, असा बदल त्यांनी लिहिला. "उद्या तपासतो आन् नोंदवतो," असं मल्हारीला सांगितलंही.

तेवढ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय आला. शहरात जागोजागी पोलीस उभे राहिले. कन्नडकडच्या गावाहून साहेबरावांना निरोप आला, "इथं लई ताण हाय, लवकर ये." बिचारे तसेच उठून गेले.

दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे पुंजाराम बसला. त्याला प्रेसचा वेग वाढवायची घाई. शाखा एकत्र करताना मी विचारलं, 'न नोंदवलेले बदल पुसले जातील. चालेल?'

"कच्चंच हाय, जाऊ दे!" म्हणत त्यानं 'हो' दाबलं. अरे बाबा, कुणाचं आहे, कशाचं आहे, बघशील तरी! माझा फार संताप झाला, पण माझं काम विचारण्यापुरतंच.

त्याच आठवड्यात मल्हारीचा उजवा पंजा गेला.

चौकशी झाली. साहेबराव रडकुंडीला येऊन सांगत होते, "मी बदल केला होता हो!"

"मग दाखवा," मोठे साहेब म्हणाले.

माझ्यापाशी दाखवायला काहीच उरलं नव्हतं. पुंजाराम खाली मान घालून बसला. निष्काळजीपणाचा ठपका मल्हारीवर आला.

मित्रांनो, काम अर्धं टाकून उठावं लागलं, तर शेजाऱ्याला सांगून उठा. दुसऱ्याचं अर्धं काम दिसलं, तर त्याला विचारल्याशिवाय पुसू नका. माझं कोण ऐकतंय म्हणा!

गावी परतण्याआधी मल्हारी साहेबरावांना भेटायला आला. त्यांचे डोळे भरलेले पाहून म्हणाला, "तुमी कशाला रडता साहेब? समदे म्हणतेत, म्हंजी माझंच ध्यान नसंल."