मायकाजाकाकाचं पत्र

मायकाजाकाकाचं पत्र आलं की आमच्या घरी चहा बाजूला राहायचा. तसाही तो बिनसाखरेचा, कारण साखर गुलामांच्या घामाची. त्यामुळे निवला तरी कोणाला हळहळ नसे. काका राहायचा तीन मैलांवर, पण लिहायचा चौदा पानं. ती आमच्याकडून ओहायोला, तिथून इंडियानाला, अशी सगळ्या भावंडांत फिरायची. माझं अक्षर बरं, म्हणून पुढे पाठवण्याआधी नक्कल करायचं काम माझं.

त्या उन्हाळ्यातलं पत्र केटुराबद्दल होतं. केटुरा गावातली शिवणकाम करणारी, काळी, विधवा. एकोणीस वर्षं ती आमच्या क्वेकर पंथाच्या उपासनेला येऊन शेवटच्या बाकावर बसत होती. तो बाक तिला कोणी नेमून दिला नव्हता. फक्त तिच्याशेजारी कोणी बसत नसे. सभासद करून घ्या, असा अर्ज देऊन तिला तीन वर्षं झाली होती. तिची लेक झिल्पा भारी हुशार, आणि आमच्या निवासी शाळेत फक्त सभासदांचीच मुलं घेत. शाळा नवव्या महिन्यात, म्हणजे सप्टेंबरात, भरायची होती.

आम्हा क्वेकरांत हात वर करून काही ठरत नाही. सगळे गप्प बसतात, ज्याला आतून प्रेरणा होईल तो बोलतो, आणि सगळ्यांचं मन जुळलं की चिटणीस ते लिहून घेतो. चिटणीस आमचा काकाच. केटुराला विरोध एकानंही केला नव्हता. तिच्या बाजूनं बोलायची प्रेरणाही एकाला झाली नव्हती. काका दर वेळी लिहायचा, 'योग्य वेळ अजून आलेली नाही.'

आणि घरी जाऊन पत्रात लिहायचा, 'जो बहिणीला दारात ताटकळत ठेवतो, तो देवालाच बाहेर ठेवतो.' नक्कल करताना मी इतकी रडले की एक पान पुन्हा लिहावं लागलं.

केटुरा तेव्हा आमच्याकडे बाह्या उसवत बसली होती. "काय गं टॅबिथा, कोण गेलं?"

मी तिला सगळं वाचून दाखवलं.

"हे मायकाजानं लिहिलंय? आपल्या मायकाजानं?"

"हो."

"मग मला एक नक्कल दे. कागदावर एवढा बोलतो, आणि नेमकी सभेत त्याची वाचा बसते."

मी दिली. दोन दिवस मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

पुढच्या मासिक सभेआधीच्या उपासनेत केटुरा उठली आणि तिनं ते पत्र वाचलं, लिहिणाऱ्याच्या नावासकट. बाकाबाकांवर हुंदके ऐकू आले. म्हातारा जेबेझ रुमालात तोंड खुपसून बसला. काका तर स्वतःच्याच शब्दांनी विरघळला. मग कामकाज सुरू झालं, आणि सभासद नसल्यामुळे केटुरा बाहेर पायरीवर झिल्पाजवळ जाऊन बसली.

एरवी पुरुष आणि बायका वेगळे बसून कामकाज करत, पण विषय मोठा म्हणून मधली फळी त्या दिवशी उघडीच ठेवली होती. एवढी मनं जुळलेली मी कधी पाहिली नव्हती. "हे आपल्यापुरतं ठेवणं पाप आहे," जेबेझ म्हणाला. मग एकामागून एक सगळ्यांनाच प्रेरणा होऊ लागली. पत्राच्या हजार प्रती छापून दक्षिणेत, गुलाम बाळगणाऱ्यांकडे पाठवायचं ठरलं. मथळा, अक्षर, कागद, कशातच घाई केली नाही. शेवटी उशीर झाला, आणि नवव्या महिन्याची सभा छपाईतच जाणार, म्हणून काकानं केटुराचा अर्ज दहाव्या महिन्यावर ठेवला.

मी धावत बाहेर गेले. "छापणार आहेत. हजार प्रती."

"आणि माझा अर्ज?"

"दहाव्या महिन्यात."

"शाळा नवव्यात भरते," झिल्पा म्हणाली.

तेवढ्यात काका आला, डोळे अजून ओलेच. "केटुरा, आज तुझ्यामुळे मोठं काम झालं. पुस्तिका शिवायच्या आहेत. त्या तूच शिवाव्यास, असं सगळ्यांना वाटलं. अगदी एकमतानं."

"दुसरं कोणी बघ, मायकाजा."

काका हिरमुसून आत गेला. केटुरा माझ्याकडे वळली. "तू होतीस ना आत? पत्रावर पानभर रडलेली तू. एक शब्दही बोलली नाहीस?"

शरमेनं माझी मान वर होईना. पण खोटं बोलणं आमच्यात पाप.

"बोलले," मी म्हणाले. "कागद जाड घ्यावा, असं."