दसऱ्याचा रंग

ऋतिकाने अंधेरीच्या ऑफिसातून तो अहवाल पाठवला, तेव्हा तिला स्वतःचं थोडं कौतुकच वाटलं होतं. मुलुंडच्या एका कारखान्यात पत्रा ठोकणारा जुना प्रेस होता. त्याच्या सांगाड्याला आतल्या कोपऱ्यात अकरा मिलिमीटरचा तडा गेला होता. दर ठोक्याला तडा किती पुढे सरकेल, याचं गणित तिने कॉम्प्युटरवर मांडलं. उत्तर आलं, चौदा महिने काळजी नाही. अकराचा आकडा कारखान्याने फोनवर कळवला होता. स्वतः जाऊन बघावं असं तिच्या मनात आलंही, पण अंधेरीहून मुलुंड म्हणजे अख्खा दिवस मोडतो. राहून गेलं.

आठ दिवसांनी कसल्याशा सहीसाठी तिला तिकडे जावंच लागलं. प्रेस चालवणारे सहदेवकाका मालवणकडचे. त्यांचे वडील गिरणीत माग पुजायचे, तसा हे सव्वीस वर्षं हा प्रेस पुजत आलेले. दिवाळी उलटली तरी त्यावरचं झेंडूचं वाळलेलं तोरण त्यांनी काढलं नव्हतं. हिरवा रंग मात्र कालच दिल्यासारखा चकचकत होता. त्यात केसाएवढी रेघ होती. ऋतिकाने पट्टी लावली. अकराच भरली.

तिने सहज विचारलं, रंग कधीचा?

"दसऱ्याचो," काका कौतुकाने म्हणाले. दर वर्षी खंडेनवमीच्या आधी ते भेगेत पुट्टी भरायचे, घासून सारखी करायचे आणि वर दोन हात मारायचे. "पूजेक मशीन भेगाळलेला कसा ठेवचा गो?"

ऋतिकाने पुन्हा त्या रेघेकडे पाहिलं. कारखान्याने मोजला होता तो रंग. लोखंडाकडे कोणी पाहिलंच नव्हतं, आणि तिनेही नाही.

प्रेस बंद करा, रंग खरवडायचाय, असं ती म्हणाली. सुपरवायझरने ऑर्डर अडकल्याचं रडगाणं लावलं. काकांचा चेहरा पडला, पण स्विच त्यांनीच बंद केला आणि रंगही दुसऱ्या कोणाला खरवडू दिला नाही. पुट्टीच्या खपल्या पडत गेल्या आणि खालचा तडा लांबतच गेला. चौतीस मिलिमीटर.

तिथेच एका खोक्यावर बसून तिने लॅपटॉपमध्ये नवा आकडा घातला. तडा लहान असतो तोवर रांगतो, वाढला की धावत सुटतो. उत्तर आलं, आणखी नऊशे ठोके, मग सांगाडा तुटणार. एका पाळीत प्रेस पंधराशे ठोके मारायचा. सकाळपासून सहाशे झाले होते; आजची पाळी संपेपर्यंत नेमके नऊशेच उरले होते.

काका तिच्या खांद्यामागून स्क्रीन बघत होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण आकडा कळला. हातातली खरवडायची पट्टी त्यांनी हळूच खाली ठेवली.

"मीच झाकलंय ना गो ता?"

हो म्हटलं असतं तर ती सुटली असती. "मी बघायला आले नव्हते, काका," ती म्हणाली. तिला त्यांच्याकडे बघवेना.

तिने जुना अहवाल रद्द केल्याचं तिथूनच कळवलं. काकांनी तोरण उतरवलं, हात धुतले आणि कांजूरमार्गला घरी बायकोला फोन लावला. त्यांची पाळी पाचला सुटायची. अजून बारासुद्धा वाजले नव्हते.

"रत्नप्रभा, आज मी लवकर येतंय," ते म्हणाले. पलीकडून तिने कारण विचारलं असावं. "मशीन बंद केलंय," काका म्हणाले आणि उतरवलेलं तोरण त्यांनी पिशवीत घातलं.