दाब्रोचा क्रूस

त्या नोव्हेंबरात झादार शहराच्या तटबंदीवर घरोघरचे क्रूस टांगले होते. आम्हीही ख्रिस्ताचेच, हे समुद्रातून आलेल्या धर्मयोद्ध्यांना दिसावं म्हणून. जेरुसलेम सोडवायला निघालेली माणसं क्रुसावर धोंडे टाकणार नाहीत, असं गावाला वाटत होतं. गाव भोळं होतं, दुसरं काय.

स्तोशाचा मुलगा दाब्रो तर त्या जहाजांची वाटच बघत होता. त्यानेही जेरुसलेमचा नवस केला होता आणि आईने त्याच्या झग्याच्या खांद्यावर लाल कापडाचा क्रूस शिवून दिला होता. तो झगा घालून तो तटावर उभा राहिला. आपल्याला ओळखतील, सोबत घेतील, असा त्याचा भरवसा. तिसऱ्या दिवशी जहाजांवरच्या धोंडेफेकी यंत्रातून आलेल्या धोंड्याने तो गेला. जहाजांचं भाडं फिटेना, म्हणून जहाजांच्या मालकांनी, व्हेनिसवाल्यांनी, धर्मयोद्ध्यांना हे शहर जिंकून द्यायला लावलं, हे स्तोशाला मागाहून कळलं. कळून उपयोग काय होता?

हिवाळाभर सैन्य गावातच राहिलं. स्तोशाच्या घरात फ्रान्सातल्या शांपेनचा गोबेर नावाचा शिपाई येऊन पडला. ती त्याच्यापुढे घेवड्याचं वाडगं आदळायची आणि तोंड फिरवायची. तो मुकाट्याने खायचा, लाकडं फोडायचा. हळूहळू तिथली बोली मोडकीतोडकी बोलू लागला. एकदा रस्त्यातल्या मारामारीत त्याच्या खांद्यावरचा क्रूस फाटून गेला. शिवून देशील का, असं त्याने चाचरत विचारलं. स्तोशाने पेटीतून दाब्रोचा काढला.

"हा माझ्या पोराचा. तुमच्याच धोंड्याने गेला तो," ती म्हणाली. "त्याचा नवस आता तू पोचव. प्रभूच्या थडग्यापाशी हा ठेव आणि त्याचं नाव घे."

मेलेल्याचा क्रूस दुसऱ्याने पोचवला तरी नवस फिटतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. गोबेरने क्रुसावर हात ठेवून शब्द दिला, आणि तिने तो त्याच्या खांद्यावर शिवला. तिने त्याला माफ केलं होतं असं नाही. पण जाणारा तोच होता.

वसंतात जहाजं भरली. जाताजाता व्हेनिसवाले तट आणि घरं पाडू लागले. निरोप घ्यायला आलेला गोबेर मान वर करेना.

"आधी कॉन्स्टॅन्टिनोपलला जायचंय," तो म्हणाला. "तिथल्या राजपुत्राला गादी मिळवून द्यायचीय. मग जेरुसलेम."

"तिथे कोण राहतं?"

"ख्रिस्तीच."

"म्हणजे तेही तटावर क्रूस टांगतील."

स्तोशाने कात्री घेतली आणि त्याला उंबऱ्यावर बसवलं.

"माई, नको ना काढू. माझ्याकडे दुसरा नाही."

"माझ्याकडेही दुसरा नव्हता."

शेजारची भिंत कोसळली, तिची धूळ दोघांच्या अंगावर आली. क्रूस जेरुसलेमपर्यंत टिकावा म्हणून स्तोशाने टाके दुहेरी घातले होते. ते उसवायला फार वेळ लागला.